वापरात नसलेल्या विजेच्या लाकडी खांबाला हॅमची अँटेना बांधू द्यावी का?

रामबाग रेडिओ (इंदूर)

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या घरामागच्या गल्लीत एक जुना लाकडी खांब उभा आहे, साल झाडाच्या लाकडाचा, काळा पडलेला, वरती चिनीमातीचे दोन इन्सुलेटर अजून आहेत पण तार एकही नाही. मागे कधीतरी वीज कंपनीने शेजारीच सिमेंटचा पोल टाकला, सगळ्या लाईनी तिकडे नेल्या आणि हा तसाच सोडून दिला. मी लायसन असलेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे, रीतसर परीक्षा दिलीय, आणि मला 40 मीटर बँडसाठी, म्हणजे साधारण 40 मीटर लांबीच्या रेडिओ लहरींसाठी, डायपोल (मधोमध दोन भाग केलेली तारेची अँटेना) टांगायचाय. 7.1 मेगाहर्ट्झचा डायपोल म्हणजे साधारण 20 मीटर तार, मधून दोन्हीकडे दहा-दहा. गच्ची आहे जेमतेम नऊ मीटरची. रामबागेत आता जुने वाडे पाडून जी घरं झालीत त्यात एवढी मोकळी जागा कुणाकडे आहे? एक टोक गच्चीवरच्या पाइपला आणि दुसरं त्या खांबाला बांधलं की काम होतं.

माझं म्हणणं एवढंच की असे रिकामे खांब लायसनधारक हॅमना वापरू द्यावेत. फी घ्या, फॉर्म भरून घ्या, इंजिनियर पाठवून तपासा. आज कुठल्याही पोलकडे मान वर करून बघा, केबल टीव्हीची वेटोळी, इंटरनेटचे डबे, कोचिंग क्लासच्या पाट्या, सगळं आहे. मोबाइल कंपन्यांना तर सरकारने नियम करून दार उघडून दिलंय, 2022 च्या राइट ऑफ वे (जागा वापरू देण्याच्या) नियमांच्या दुरुस्तीत शहरी भागात छोट्या सेलसाठी (मोबाइलच्या छोट्या अँटेनासाठी) पोलमागे वर्षाला 300 रुपये असा दरसुद्धा ठरवून दिला. मग हॅमलाच का नाही? 2001 च्या भुजच्या भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानात फोन बंद पडले तेव्हा निरोप हॅमवाल्यांनीच पोचवले. समाजाच्या उपयोगाची गोष्ट आहे, समाजाच्या खांबाला ती बांधली तर बिघडतं काय?

आणि आधीच सांगून ठेवतो, खांबापर्यंत तार जाणारच नाही, शेवटचे तीन मीटर नायलॉनची दोरी असेल.

लाईनवाले काका (देवास नाका, इंदूर)

रेडिओवाले भाऊ, मी सगळी नोकरी लाईनवर काढली, आता रिटायर्ड आहे, म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाही. दोरी असो की तार असो, नाही.

खांब मोकळा दिसतो म्हणजे तो मोकळा असतोच असं नाही. कंपनी जुना खांब लगेच काढत नाही त्याला बऱ्याचदा कारण असतं, शेजारच्या पोलचा ताण त्याच्यावर घेतलेला असतो नाहीतर कोपऱ्यावरच्या घराची सर्व्हिस वायर अजून त्यावरून गेलेली असते. तुम्ही म्हणाल तसं काही नाही. बरं. मग तो खांब कशाच्या जोरावर उभा आहे ते सांगा. लाकडी खांब वर सडत नाही आणि पार तळाशीही सडत नाही, तो सडतो जमिनीच्या पातळीला, वीतभर वर आणि हातभर खाली, जिथे ओलही असते आणि हवाही. वरून बघाल तर ठणठणीत, आत भुगा. आम्ही चढायच्या आधी बुंध्याला हातोडी मारत मारत गोल फिरायचो, भरीव लाकूड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं, आणि शंका आली की माती उकरून तिथे स्क्रूड्रायव्हर दाबायचा. तो सहज आत गेला की त्या खांबाला शिडीसुद्धा टेकवायची नाही.

आणि एक लक्षात घ्या, लाईन चालू असताना दोन्ही बाजूंच्या तारा खांबाला धरून ठेवतात. तारा काढल्या की बुंधा सडलेला खांब नुसता सवयीने उभा असतो. त्याला तुम्ही एका बाजूने वीस मीटरची तार ताणून बांधणार. वादळात कुठे पडेल? तुमच्याच दिशेला, किंवा शेजारच्या चालू लाईनवर.

रामबाग रेडिओ

काका, तुमच्या अनुभवापुढे मी बोलू नये, पण दोन गोष्टी. एक, मी हातोडीनं ठोकून बघितलंय, बद्द वाजत नाही. ताण नाही, सर्व्हिस वायर नाही, खाली नवीन पोलचं आर्थिंग वेगळं आहे. दोन, डायपोलची तार म्हणजे दीड-दोन मिलीमीटरचं तांबं, तिचा ओढ किती असणार? त्याच खांबानं आयुष्यभर जाड ॲल्युमिनियमचे कंडक्टर पेलले. तुम्ही सांगताय तो धोका सडलेल्या खांबाचा आहे, तो सगळ्या खांबांना लावू नका. तपासून परवानगी द्या एवढंच म्हणतोय मी.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

रेडिओ भाऊंच्या बाजूने. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तर जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत आभाळ दिसत नाही इतक्या वायरी आहेत आणि त्यातली निम्मी कुणाची हे कुणालाच माहीत नाही. परवानगीची पद्धत नाही म्हणून लोक विनापरवाना बांधतात. पद्धत आणली तर निदान कागदावर नाव तरी येईल की ही दोरी अमुक माणसाची, हा त्याचा नंबर. अमेरिकेत 1978 पासून पोल अटॅचमेंटचा कायदा आहे, केबलवाले भाडं भरतात आणि खांबावर कुणी किती उंचीवर यायचं ते ठरलेलं आहे, वर विजेच्या तारा, खाली टेलिफोन-केबल आणि दोघांमध्ये 40 इंच मोकळी जागा, का तर खालच्या तारांवर काम करणाऱ्या माणसाचं डोकं आणि हात विजेपर्यंत पोचू नयेत म्हणून. हे तिथे जमतं तर इथे का जमू नये?

लाईनवाले काका

अमेरिकेचं उदाहरण दिलंत तर पूर्ण द्या भाऊ. तो कायदा केबल आणि टेलिकॉम कंपन्यांसाठी आहे. तिकडचा हॅमसुद्धा वीज कंपनीच्या खांबाला परवानगीशिवाय काही लावू शकत नाही, साधं हरवलेल्या कुत्र्याचं पोस्टर ठोकलं तरी कंपन्या तक्रार करतात, कारण तिकडचे लाईनमन बुटाला लोखंडी काटे लावून लाकडात रोवत चढतात आणि एखाद्या खिळ्यावर काटा घसरला की माणूस खाली. खिळा जेवढा लहान तेवढा धोक्याचा, कारण तो दिसत नाही.

आणि नावाचा कागद ऑफिसात असतो हो, खांबावर नसतो. जूनमधली पहिली वादळी रात्र डोळ्यापुढे आणा. अर्धी वस्ती अंधारात, फोनवर फोन, पोरगा शिडी लावून वर गेलाय, तोंडात टॉर्च, हातमोजे ओले. त्याच्या खांद्याला एक दोरी लागते जी त्याच्या नकाशात नाही. दोरीच्या पुढे तार आहे. ती तार कुठल्या घरात जाते, त्या घरात इन्व्हर्टर चालू आहे का, तार तुटून पलीकडच्या फेजवर पडलीय का, यातलं काहीच त्याला माहीत नाही. त्याला प्रत्येक अनोळखी तार जिवंत धरूनच चालावं लागतं. तुम्ही त्याच्या कामात एक तार वाढवली, बस्स. मी माझ्या हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं आणि त्यातले सगळे धड घरी गेले नाहीत, म्हणून मला यात सवलत देता येत नाही.

पलासियाची प्रज्ञा (इंदूर)

काकांशी सहमत, आणि मी स्वतः हॅम आहे. त्यांनी जे सांगितलं त्यात एक भर. डायपोलमध्ये करंट मधे जास्त असतो आणि व्होल्टेज टोकांना. 100 वॅटवर ट्रान्समिट करत असाल तर टोकाशी कित्येक शे व्होल्ट आरएफ (रेडिओ लहरींची वीज) असतो. म्हणजे तुमची अँटेना जिथे सगळ्यात चटका देणारी आहे नेमकं तेच टोक तुम्ही लाईनमनच्या खांबाकडे पाठवताय. तीन मीटर दोरी ठेवली तरी दोरी ताणून लांबते, पुली सरकते, पावसात भिजते. आरएफचा चटका जीव घेणार नाही, पण शिडीवर असलेल्या माणसाने दचकून हात सोडायला तो पुरेसा आहे.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. समजा सगळ्या परवानग्या मिळाल्या, खांब पोलादासारखा निघाला, तरीही ती जागा रेडिओसाठी वाईट आहे. चालू लाईनच्या शेजारी अँटेनाचं टोक नेलंत तर तुम्हाला ऐकू काय येणार? सैल क्लॅम्पमधली ठिणगी, तडा गेलेला इन्सुलेटर, रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, प्रत्येक घरातले चार्जर. हे सगळं तारांवरून वाहत येतं आणि 7 मेगाहर्ट्झवर तर अगदी जोरात. करून बघा: बॅटरीवर चालणारा शॉर्टवेव्ह रेडिओ घ्या, 7 मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा लावा, आधी गच्चीच्या मधोमध उभं राहून ऐका आणि मग गल्लीत त्या पोलखाली जाऊन ऐका. संध्याकाळी दिवे लागल्यावर. एस मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारं माप) असेल तर आकडाच दिसेल. एस 3 चा गोंगाट एस 8 झाला तर फरक 30 डेसिबलचा, म्हणजे हजारपट. समोरचा पुण्याचा माणूस एस 6 ने येत असेल तर गच्चीवर तो स्वच्छ ऐकू येईल आणि पोलजवळ तो आहे हेसुद्धा कळणार नाही. उंची मिळवायला जाऊन कान गमावायचे, याला काय अर्थ आहे?

रामबाग रेडिओ

प्रज्ञाताई, गोंगाटाचा मुद्दा खरा आहे, पण तो इंदूरमध्ये कुठे नाही ते सांगा. माझ्या गच्चीवरही शेजाऱ्याच्या सोलर इन्व्हर्टरचा आवाज येतो. आणि गच्चीत मावत नाही ही अडचण तुम्ही सोडवत नाही आहात, फक्त खांब नको म्हणताय.

पलासियाची प्रज्ञा

सोडवते. तार सरळच हवी असं कुणी सांगितलं? गच्चीच्या मधोमध पाच-सहा मीटरचा पाइप किंवा जाड बांबू उभा करा, त्यावर बालन (केबल आणि अँटेना जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि तिथून दोन्ही बाजूंनी तारा उलट्या व्हीसारख्या खाली आणा. कठड्यापर्यंत आल्यावर उरलेली तार कठड्याला समांतर आडवी वळवा, कठड्यापासून हातभर लांब प्लास्टिकच्या पाइपवर. टोकाकडे करंट कमी असतो त्यामुळे तिथे वाकवल्याने फार तोटा होत नाही, लांबी थोडी कमीजास्त करून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) बसवून घ्यायचा. फक्त टोकांना मुलांचा हात लागणार नाही असं बघा, मघाशी म्हटलं ते व्होल्टेज तिथेच असतं.

आणि उंचीबद्दलही लोकांच्या डोक्यात फार घट्ट बसलंय. 40 मीटर बँडवर पाव वेव्हलेंग्थ म्हणजे 10 मीटर. तेवढ्या किंवा त्याहून कमी उंचीवर डायपोल सिग्नल सरळ वर फेकतो आणि तो आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली चार-पाचशे किलोमीटरच्या टापूत पडतो. इंदूरहून पुणे, नागपूर, ग्वाल्हेर यांच्याशी सकाळी बोलायला हेच पाहिजे. दोन मजली घराच्या गच्चीवर पाच मीटरचा बांबू म्हणजे तुम्ही आधीच तिथे पोचलात. ज्याला ब्राझीलशी बोलायचंय त्याने 20 मीटर उंचीचा विचार करावा, आणि तेवढा उंच तर तुमचा तो गल्लीतला खांबही नाही.

लष्करवाला

ताई, तांत्रिक बाजू मान्य, पण हा प्रश्न एका गच्चीचा नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हॅमचं काय? सोसायटी गच्चीची किल्ली देत नाही. सार्वजनिक जागेवर आमचा काहीच हक्क नाही का? मोबाइल कंपनी नफ्यासाठी पोल वापरते, तिला नियम. हॅम एक पैसा कमवू शकत नाही, कायद्यानेच मनाई आहे, त्याला काहीच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते बोलत राहणार.

लोकमान्यनगर रहिवासी (इंदूर)

मी हॅम नाही, सामान्य माणूस म्हणून वाचतोय. तुमचे दोघांचे हक्क चाललेत पण खालून जाणाऱ्यांचं काय? गल्लीवरून आडवी तार जाणार. खालून कचऱ्याची गाडी जाते, लग्नाचं सामान भरलेला टेम्पो जातो, गणपतीत उंच मूर्ती जाते आणि बांबूने वायरी वर उचलणारी पोरं पुढे असतात. त्या पोरांना वाटणार ही केबलची वायर. वीज कंपनीलासुद्धा रस्ता ओलांडणारी लाईन किती उंचीवर हवी याचा नियम आहे ना?

लाईनवाले काका

आहे. जुन्या 1956 च्या नियमांपासून चालत आलेलं आहे, रस्ता ओलांडताना साध्या लाईनला 5.8 मीटर, 11 केव्हीला (11 हजार व्होल्टच्या लाईनला) 6.1 मीटर. घराच्या बाजूने आडवं अंतर दोन्हीला 1.2 मीटर, आणि घराच्या डोक्यावरून 2.5 मीटर साध्या लाईनला, 3.7 मीटर 11 केव्हीला. आणि हे अंतर जागच्या जागी उभ्या असलेल्या भिंतीचं आहे. वाऱ्यावर झुलणाऱ्या, तुटू शकणाऱ्या तारेला हे धरून चालत नाही. रहिवासी साहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलं.

एबी केबल (आवरण असलेल्या तारा एकत्र पिळलेली केबल) आली म्हणून काही जणांना वाटतं आता सगळं इन्सुलेटेड, हात लावला तरी चालेल. माकडं तिच्यावरून पळतात, फांद्या घासतात, उन्हाने वरचं आवरण भेगाळतं आणि प्रत्येक घराच्या टॅपिंगला जोड उघडा पडतो. पावसात पोलजवळ गाय मरून पडल्याची बातमी दर वर्षी वाचता ना, ती याच्यामुळेच.

वाडीकर (वडोदरा)

नमस्कार मंडळी, वडोद्याहून. चर्चा चुकीच्या खांबावर चाललीय असं मला वाटतं. लाकडी विजेच्या खांबावर अँटेना हा प्रकार जगात चालतोच, अमेरिकेत-कॅनडात खूप चालतो, पण कसा? कंपनीने काढून टाकलेला किंवा नवा खांब विकत घेऊन स्वतःच्या आवारात उभा करतात. तो खांब तुमचा, जमीन तुमची, त्यावर विजेची एकही तार नाही, लाईनमन तिथे येत नाही. टॉवरपेक्षा स्वस्त, गंजत नाही, आणि लाकूड असल्यामुळे तारेच्या अँटेनाला त्रास देत नाही. मी इथे आमच्या गावाबाहेरच्या प्लॉटवर असाच सालाचा खांब उभा केलाय, भंगारातून घेतलेला, नऊ मीटरचा.

ज्यांना करायचंय त्यांनी पुढचं नीट वाचा, कारण खांब पुरणं हेच खरं काम आहे. इथली वीज खाती लांबीचा सहावा भाग जमिनीत घालतात, तिकडे दहा टक्के अधिक दोन फूट असा हिशेब. नऊ मीटरला दोन्ही हिशेबांनी दीड मीटरच येतो. पण ही जमीन कोणती? वडोदा काय आणि माळवा काय, काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून वर येते. नुसत्या काळ्या मातीत खांब पुरला तर दोन पावसाळ्यांत कलतो. म्हणून खड्डा खांबापेक्षा चांगला रुंद घ्या, काढलेली काळी माती परत टाकू नका. तळाला दगडगोटे, त्यावर खांब, आणि भोवती मुरूम आणि खडी वीत-वीतभराच्या थराने, प्रत्येक थर पहारीनं ठोकून. सिमेंट काँक्रीट भोवती ओतू नका, लाकूड सुकून आकसतं आणि काँक्रीट आणि लाकडाच्या मधल्या फटीत पाणी साचतं, काकांनी सांगितलेली सड तिथेच सुरू होते. वर माती खांबाकडून बाहेर उतरती करा म्हणजे पाणी बुंध्याशी थांबणार नाही.

उधईची, म्हणजे वाळवीची काळजी घ्या. जुन्या खांबांना क्रिओसोट किंवा तांबं-क्रोम-आर्सेनिकचं द्रावण प्रेशरने भरलेलं असतं. हे दुसरं द्रावण आपल्याच सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये शोधलं, जगभरच्या खांबांना पुढे तेच वापरलं गेलं. पण त्यात आर्सेनिक आहे, म्हणून खांब कापला तर हातमोजे घाला, भुसा नाकात जाऊ देऊ नका आणि तुकडे चुलीत किंवा होळीत अजिबात घालू नका. आणि कापायचाच असेल तर वरचं टोक कापा, बुंधा नाही. औषध बाहेरच्या थरात असतं, बुंधा कापला की आतलं कोरं लाकूड उधईला आयतं मिळतं.

रामबाग रेडिओ

वाडीकर, हे कामाचं आहे. माझ्या भावाचा इंदूरजवळ राऊकडे प्लॉट आहे, कंपाउंड झालेलं, घर अजून नाही. पण खांबाचं वजन किती आणि उभा कसा केलात?

वाडीकर

साल जड लाकूड, नऊ मीटरचा खांब दोन-अडीचशे किलो भरतो. माणसांच्या जोरावर उभा करू नका, विहिरीच्या कामाला येतो तो छोटा क्रेनवाला बोलवा. खांब आडवा असतानाच वरची सगळी कामं करून घ्या: गॅल्व्हनाइज्ड आयबोल्ट आरपार, त्याला मोठ्या खाचेची पुली, पुलीत आधीच दोरी ओवलेली आणि तिची दोन्ही टोकं खाली बांधलेली. दोरी अखंड वेढा असू द्या, म्हणजे तार तुटली तर दोरीचं टोक पुलीत निसटून वर अडकणार नाही. माथ्याला पत्र्याची टोपी ठोका, पाऊस वरून खांबाच्या पोटात झिरपतो. पुलीचा दुसरा फायदा आमच्याकडे उत्तरायणात कळतो. 14 आणि 15 जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर, मांजा सगळीकडे. मी 13 तारखेलाच अँटेना खाली घेतो. मांजात अडकलेला पतंग काढायला पोरं कंपाउंडवरून चढतात, ती तारेला लोंबकळू नयेत म्हणून.

लोकमान्यनगर रहिवासी

आणि वीज पडली तर? मोकळ्या प्लॉटवर एकटा उंच खांब, शेजारी उद्या घरं होणार. लाकूड म्हणजे सुरक्षित असं समजून चालायचं का?

पलासियाची प्रज्ञा

नाही, उलट. लाकडातून करंट नीट जात नाही, आतली ओल एका क्षणात वाफ होते आणि खांब उभा फाटतो, ढलप्या उडतात. म्हणून माथ्यापासून जमिनीपर्यंत एक जाड तांब्याची किंवा जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी सरळ खाली आणायची, वळसे न देता, आणि खाली अर्थ रॉडला जोडायची. काळ्या मातीचा इथे फायदा, ओली असताना तिचा रेझिस्टन्स कमी असतो, पण मेमध्ये भेगाळते तेव्हा वाढतो, म्हणून रॉड खोल घ्या. कोॲक्स (अँटेनाची केबल) घरात शिरण्यापूर्वी गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा), त्याची आर्थिंग खांबाच्या आर्थिंगला आणि घराच्या आर्थिंगलाही जोडलेली. तिन्ही वेगळी ठेवली तर वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या रेडिओतून वाट काढतो. आणि ढग गडगडायला लागले की कोॲक्स काढून बाहेर ठेवायची, अरेस्टर असला तरी.

लष्करवाला

सगळं छान आहे, पण ज्याला भावाचा प्लॉट नाही त्याने काय करायचं हे कुणीच सांगत नाहीये. आणि आपत्तीच्या वेळी शहरात, वस्तीत अँटेना लागते, राऊच्या प्लॉटवर नाही. त्यासाठीच सार्वजनिक खांब हवेत.

वाडीकर

आपत्तीवर मला बोलायचंच होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा सगळ्यात आधी काय बंद झालं? लाईट. पाणी भरलेल्या भागात सप्लाय मुद्दाम बंद ठेवावा लागतो. वादळ असो, पूर असो, विजेचे खांबच आधी आडवे होतात. 1999 च्या ओडिशाच्या चक्रीवादळात मैलोनमैल लाईन झोपली होती. म्हणजे ज्या दिवशी अँटेना हवी त्याच दिवशी ती बांधलेला खांब नसणार, किंवा असला तरी त्याच्याजवळ जाणं धोक्याचं. हॅमने आपत्तीसाठी काय तयार ठेवावं? 20 मीटर तारेचं भेंडोळं, पातळ दोरी, दोरीला बांधायला एक वजन, आणि बॅटरी. झाडाच्या फांदीवरून दोरी टाकली की दहा मिनिटांत स्टेशन चालू. फ्लॅटवाल्यालाही हे जमतं, सोसायटीची किल्ली लागत नाही.

लष्करवाला

झाड असलं तर. लष्करात या, झाडं दाखवा. मी कंपनीच्या चालू खांबाचं म्हणतच नाही आता, काकांचं आणि ताईंचं ऐकून तेवढं मी बाजूला ठेवतो. पण महापालिकेचे बागेतले दिव्याचे खांब, शाळांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, यांच्यावर एक-एक ठरलेली जागा हॅमला मिळावी, क्लबच्या नावाने, जबाबदारी लिहून घेऊन. त्यासाठी मी आमच्याकडे अर्ज करणार आहे.

लाईनवाले काका

पाण्याच्या टाकीला माझी हरकत नाही. बागेतल्या दिव्याच्या खांबाला आहे, त्यातही तीच वीज आहे आणि तिथे लहान मुलं खेळतात.

रेडिओ भाऊ, तुमच्या गल्लीतल्या खांबाचं सांगतो. तुम्ही ठोकून बघितलंत पण उकरून बघितलं नसेल. बघूही नका, ते काम कंपनीच्या माणसाचं. लेखी अर्ज द्या की हा खांब वापरात नाही, पावसाळ्याआधी काढा, आणि पोचपावती घ्या. काढलेला माल स्टोअरला जातो आणि पुढे लिलावात निघतो, तिथे तुम्ही बोली लावू शकता.

रामबाग रेडिओ

अर्ज देतो काका. पण माझं मत सांगून ठेवतो, रिकाम्या, तपासलेल्या, चालू लाईनपासून दूर असलेल्या खांबासाठी नियम असायला हवा यावर मी ठाम आहे. आमच्या गल्लीतला चालू लाईनला फार जवळ आहे, तो सोडतो. गच्चीवर ताईंनी सांगितलेला उलटा व्ही याच आठवड्यात चढवतो, आणि राऊच्या प्लॉटवर खांबाचं बघतो. तिथे कोपऱ्यात डीपी (खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर) आहे आणि कंपाउंडच्या बाहेरून 11 केव्ही जाते. किती लांब राहू?

लाईनवाले काका

खांब लाईनच्या दिशेनेच आडवा पडणार असं धरा. जमिनीवरची उंची साडेसात मीटर, त्यात माथ्यावर पाइप लावणार असाल तर त्याची उंची मिळवा, आणि पडल्यावरही लाईन तीन मीटर लांब राहिली पाहिजे. म्हणजे पाइप नसेल तरी लाईनपासून साडेदहा मीटर कमीत कमी. तारेचंही तसंच, तुटून वाऱ्याने उडाली तर तिची पूर्ण लांबी धरा. तार लाईनला समांतर नको, काटकोनात घ्या, आणि दुसरं टोक लाईनच्या विरुद्ध बाजूला. क्रेनवाला येईल त्या दिवशी बूम लाईनकडे फिरू देऊ नका, आणि शक्य असेल तर सबस्टेशनला सांगून तेवढ्या वेळापुरता सप्लाय बंद करून घ्या. प्लॉटचा नकाशा काढून इथे टाका, डीपी आणि लाईन दाखवून, मी जागा सांगतो.

पलासियाची प्रज्ञा

नकाशात उत्तर दिशा पण दाखवा. आणि डीपीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा, काकांच्या साडेदहा मीटरवर थांबू नका, गोंगाटासाठी तीस-चाळीस मीटर मिळाले तर फरक कानाला लगेच कळेल.